फक्त चेहरेच काढत राहिलो, आणि आजींचे हात अडले

दोनबी | २ जून, रात्री ११:२०

नमस्कार मंडळी. आधी प्रसंग सांगतो, मग प्रश्न विचारतो.

गेली सहा वर्षं मी पेन्सिलीने चेहरे काढतोय. नोकरी लोअर परळला, घर डोंबिवलीला, त्यामुळे हाताला वेळ मिळतो तो शनिवार-रविवारचाच. फोटोवर चौकटी आखायच्या, कागदावर तेवढ्याच चौकटी आखायच्या आणि एकेक चौकट भरत जायचं. बुबुळातली चमक, भुवईचा केसन्‌केस, ओठांवरच्या बारीक रेघा. ओळखीतले लोक वाढदिवसाला, लग्नाला चित्रं मागतात आणि मीही मनापासून काढून देतो.

एप्रिलमध्ये गिरगावातल्या मावशीने तिच्या सासूबाईंचं चित्र मागितलं. आजी जानेवारीत गेल्या. त्यांचा धड असा फोटो एकच, कुठल्याशा लग्नातला, समोरून काढलेला. मावशी म्हणाली, "अशा त्या कधी बसल्याच नाहीत रे. गॅलरीत खुर्ची टाकून, मान खाली घालून सुपारी कातरत बसायच्या. तशा काढ."

तीन आठवडे लागले. चेहरा हुबेहूब आला. पण शरीर खाली वाकलेलं आणि चेहरा थेट समोर बघणारा, म्हणजे दुसऱ्या कुणाच्या तरी धडावर चिकटवल्यासारखा. खुर्चीचे चार पाय चार दिशांना. मांडीवरच्या लुगड्याला चुण्या कुठून सुरू होतात तेच कळेना, म्हणून नुसतं शेडिंग घासलं. आणि हात जमेनात, म्हणून ते पदराखाली घेतले.

मावशीने चित्र बराच वेळ हातात धरलं. मग म्हणाली, "चेहरा त्यांचाच आहे. पण अडकित्ता कुठेय?"

त्या रात्री कपाटातली जुनी चित्रं सगळी बाहेर काढली. शंभराच्या वर चेहरे. एकाही चित्रात हात नाही. जवळजवळ सगळे चेहरे डावीकडे किंचित वळलेले, कारण मला तसेच जमतात. मान गळ्यापर्यंत येते आणि धुक्यात विरून जाते. कान केसांखाली. मी जे टाळत होतो ते मलाच इतकी वर्षं दिसलं नव्हतं.

चेहरे सोडायचे नाहीत, त्यांच्यावर माझा जीव आहे. पण पाया पक्का करायचा तर दुसरं काय काढू, किती काढू? आणि मुख्य म्हणजे, ते सगळं परत चेहऱ्यात उतरतं का? कुणाचा अनुभव असेल तर सविस्तर लिहा.

मुगडाळ | ३ जून, सकाळी ७:०५

मावशींचं वाक्य वाचून गलबललं. बाकी जाणकार सांगतीलच, वाचतेय.

चित्रकलेचे_सर | ३ जून, दुपारी ३:४०

धागा दोनदा वाचला. मी दादरच्या एका शाळेत एकतीस वर्षं चित्रकला शिकवली, आता निवृत्त आहे. तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. हो, उतरतं. आणि कसं उतरतं ते एका तांब्यावर दाखवतो.

आपल्याकडे एलिमेंटरी आणि इंटरमीजिएटच्या ग्रेड परीक्षा असतात, कला संचालनालयाच्या. मुलं त्यातल्या वस्तुचित्राला कंटाळतात. "सर, बादली आणि कांदे काय काढायचे?" असं मला दर वर्षी कुणीतरी विचारायचं. पण विषय कसे लावलेत ते बघा. वस्तुचित्रात समोर आहे ते बघून काढायचं, स्मरणचित्रात पाहिलेलं आठवून काढायचं, संकल्पचित्रात आकारांची मांडणी करायची, भूमितीत अचूक आखायचं. चार वेगळ्या सवयी आहेत या. चौकटी आखून फोटो उतरवण्यात यांतली एकही पुरती लागत नाही. तिथे तुम्ही आकार समजून घेत नाही, एका चौकटीतला काळा-पांढरा डाग दुसऱ्या चौकटीत नेता. म्हणून फोटोत जे नाही ते काढायची वेळ आली की हात थांबतो.

आता तांब्या. घरातला स्टीलचा किंवा पितळेचा तांब्या टेबलावर ठेवा आणि खुर्चीवर बसून काढा. तोंडाचा गोल तुम्हाला लंबगोल दिसेल. हा लंबगोल काढताना दोन चुका हमखास होतात. एक, दोन्ही टोकं बदामासारखी टोकदार होतात. ती कधीच टोकदार नसतात, तिथेही वळणच असतं. दोन, तळ सरळ रेघेने काढला जातो. तळही गोल आहे, आणि तो डोळ्याच्या पातळीपासून जास्त खाली असल्यामुळे त्याचा लंबगोल तोंडाच्या लंबगोलापेक्षा अधिक उघडा असतो. तांब्या हळूहळू वर उचलत डोळ्यासमोर आणा. तोंडाचा लंबगोल मिटत मिटत एक रेघ होतो. आणखी वर न्या, आता वळण उलटं झालेलं दिसेल.

हे एकदा नीट काढलंत की आजींकडे या. डोकं हाही एक प्रकारचा तांब्याच. भुवयांची रेघ, डोळ्यांची रेघ, ओठांची रेघ या सपाट कागदावरच्या आडव्या रेघा नव्हेत, त्या डोक्याभोवती फिरणारे लंबगोल आहेत. मान खाली घातली की आपल्याला डोकं वरून दिसतं, या सगळ्या रेघा मध्यभागी खाली झुकतात, आणि कान डोळ्यांपेक्षा वर सरकलेले दिसतात. मान वर केली की नेमकं उलटं. तुम्ही आजींचे डोळे सरळ रेघेवर ठेवलेत, म्हणून त्या समोर बघत राहिल्या. चूक चेहऱ्याची वाटते, पण ती तांब्याची आहे.

रोज एक भांडं. वीस मिनिटं. खोडरबर शेजारच्या खोलीत ठेवा.

मुगडाळ | ३ जून, रात्री १०:१५

सर, तुमचं पटतंय, पण एक बाजू मांडते. मी फक्त फुलं काढते. मुलं झोपली की रात्री एक तास माझा असतो. त्या तासात मला अबोलीचा गजरा काढायचा असतो, बादली नाही. छंदाचाही गृहपाठ झाला तर मग उरलं काय? ज्यांना चित्रं विकायची आहेत त्यांनी पाया पक्का करावा, पण जो निव्वळ आनंदासाठी काढतो त्याला त्याची आवडती गोष्टच काढू द्यावी असं मला मनापासून वाटतं.

चित्रकलेचे_सर | ४ जून, सकाळी ९:३०

मुगडाळ ताई, आनंद पहिला, याबद्दल वादच नाही. तुम्ही बादली काढूच नका. फक्त एक करून बघा. एखादं जास्वंद मागून काढा. देठ, पुष्पकोश, पाकळ्यांची पाठ. किंवा आरशासमोर उभं राहून केसांत माळलेला गजरा काढा, म्हणजे शेजारचा कान आणि मानही येईल. आवडत्या विषयाला लागूनच पुष्कळ अनोळखी प्रदेश असतो.

फास्टलोकल | ४ जून, रात्री ११:५०

विरार-चर्चगेट, रोज. मी फक्त इमारती काढायचो. चर्चगेट-फोर्टच्या दगडी इमारती, कमानी, खिडक्या. चित्रं नीटनेटकी असायची, पण रस्ते रिकामे. माणूस घातला की तो खांबासारखा उभा राहायचा. म्हणून दोन वर्षांपूर्वी गाडीत माणसं काढायला लागलो.

खिशात मावेल एवढी वही आणि साधं बॉलपेन. बॉलपेन अशासाठी की खोडता येत नाही. समोरचा माणूस पुढच्या स्टेशनला उतरेल की नाही याचा भरवसा नसतो, त्यामुळे नाक-डोळे काढत बसलात तर हातात काहीच राहत नाही. पहिली रेघ डोक्यापासून ज्या पायावर भार आहे त्या पायापर्यंत. मग खांद्यांची तिरकी रेघ, मग कमरेची. वरच्या कडीला लोंबकळणाऱ्या माणसाचा एक खांदा कानापर्यंत चढलेला असतो आणि त्या बाजूची बरगडी ताणलेली असते, दुसरी बाजू दबलेली. हे एकदा दिसलं की सगळीकडे दिसतं. डुलकी लागलेल्या माणसाची मान कशी लोंबते, मांडीवर बॅग धरलेले हात कसे एकमेकांत अडकतात. हातांचं म्हणाल तर गाडीइतके हात मुंबईत दुसरीकडे कुठे बघायला मिळणार!

प्रमाणासाठी एक खूण सांगतो. हनुवटीपासून केसांच्या सुरुवातीपर्यंत जेवढं अंतर, साधारण तेवढा हाताचा पंजा. आपण घाबरून पंजे नेहमी लहान काढतो. आणि बोटं आधी काढूच नका. आधी पंजाची चौकोनी पेटी, मग अंगठ्याचा त्रिकोण, मग चार बोटं मिळून एकच पाचर. बोटं सर्वात शेवटी सुटी करायची.

एक पथ्य मी पाळतो. कुणाला अवघडल्यासारखं वाटतंय असं जाणवलं की वही बंद. पाठमोरी आणि झोपलेली माणसं भरपूर असतात.

खारेवारे | ५ जून, दुपारी १:१०

माझा विषय पक्षी. अडलं होतं ते पंखांवर, म्हणजे वळत जाणारा पृष्ठभाग कसा दाखवायचा यावर. वेसाव्याच्या किनाऱ्यावर होड्या काढायला लागले आणि उमगलं. होडीचा काठ नाळेकडे, म्हणजे पुढच्या टोकाकडे, वर चढतो, मध्ये खाली येतो, मागे पुन्हा चढतो, आणि पलीकडचा काठ अलीकडच्यामागे अर्धा लपतो. महिनाभर होड्या काढल्या, मग घारीचा पंख परत काढला. फरक मलाच दिसला.

आर. के. लक्ष्मण यांना कावळा आयुष्यभर प्रिय होता, कावळ्यांची किती चित्रं काढली त्यांनी. पण रोजच्या व्यंगचित्रासाठी त्यांना खुर्च्या, मोटारी, खड्डे, सभा, सरकारी कचेऱ्या असं सगळं काढावं लागे. त्यांचा कावळा इतका जिवंत वाटतो त्यात या सगळ्याचाही वाटा असणार असं मला वाटतं.

टी_स्क्वेअर | ५ जून, रात्री ९:००

खुर्चीच्या पायांबद्दल. आधी खुर्ची काढू नका, खुर्ची ज्यात बसेल असं खोकं काढा. खोक्याचे चार खालचे कोपरे जमिनीवर टेकले की पाय आपोआप जागेवर येतात.

आणि गिरगावची चाळ असेल तर गॅलरी हीच शाळा आहे. एका टोकाला उभे राहा. कठडा, दारं, वरचे वासे सगळं एका लोपबिंदूकडे (लांब जाणाऱ्या समांतर रेघा जिथे मिळाल्यासारख्या दिसतात तिकडे) जातं, आणि तो बिंदू तुमच्या डोळ्यांच्या उंचीवर असतो. बसलात की तोही खाली येतो. खांब लांब जाताना जवळजवळ येत जातात, ते अंदाजाने टाकू नका. पहिल्या खांबाच्या माथ्यापासून दुसऱ्या खांबाच्या मधोमध जाणारी तिरकी रेघ खालच्या रेघेपर्यंत न्या. ती जिथे टेकेल तिथे तिसरा खांब. मग दुसऱ्याच्या माथ्यापासून तिसऱ्याच्या मध्यातून, असं पुढे. पाच मिनिटांत आख्खी गॅलरी बरोबर येते.

सातवीची_आई | ६ जून, सकाळी ११:२५

थोडं अवांतर. माझा मुलगा दिवसभर जपानी कार्टूनची पात्रं काढतो. मोठे डोळे, टोकदार केस, बस. क्लासच्या बाईंनी ते पूर्ण बंद करायला सांगितलं, तर त्याने चित्रच काढणं सोडलं. दोन महिने वहीला हात लावलेला नाही. काय करावं?

चित्रकलेचे_सर | ६ जून, दुपारी ४:००

ताई, बंद करायला सांगायला नको होतं. ती पात्रं त्याला परत काढू द्या, आणि शेजारी बसून खऱ्या कुतूहलाने विचारा. हा राहतो कुठे? त्याची खोली कशी आहे? डबा कशात नेतो? पावसात भिजला तर हे केस कसे दिसतील? त्याला उत्तर चित्रातच द्यावं लागेल, आणि खोली काढायला घेतली की यथार्थदर्शन, म्हणजे जवळचं मोठं आणि लांबचं लहान कसं दिसतं ते, आपण होऊन समोर येईल. मुलाला पात्रापासून तोडू नका, त्या पात्राला बाहेर फिरायला न्या.

जेजेवाली | ७ जून, रात्री १०:३०

माझं शिक्षण जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये झालं. ही संस्था १८५७ची. प्लास्टरचे पुतळे समोर ठेवून काढायची पद्धत तिथली जुनी. आम्हीही तासन्‌तास काढले. प्लास्टर का? तर ते पांढरं, बिनचमकीचं आणि हलत नाही. रंगाचा मोह नाही, ओळखीच्या चेहऱ्याचा मोह नाही. फक्त उजेड कुठे संपतो आणि सावली कुठे सुरू होते एवढंच बघायचं. घरी पुतळा नसेल तर उकडलेलं अंडं पांढऱ्या कागदावर ठेवा, एका बाजूने दिवा लावा. उजेड, मधला टोन, गडद पट्टा, आणि त्या पट्ट्याच्या पलीकडे कडेला कागदावरून परत आलेला मंद उजेड. तो परतीचा उजेड कितीही मोहात पाडो, सावलीच्याच कुटुंबातला ठेवायचा, उजेडाकडच्या भागाइतका उजळ करायचा नाही. दोनबी, पांढऱ्या लुगड्यातल्या आजींच्या हनुवटीखाली हाच उजेड असतो. तिथे नुसतं काळं घासलं की जबडा मानेत बुडतो.

आणखी एक. आमच्या जे. जे.च्या समोरून चालत पाच-दहा मिनिटांवर सीएसएमटी. १८८८ मध्ये पूर्ण झालेल्या त्या इमारतीवरचं कोरीवकाम जे. जे.च्या तेव्हाच्या विद्यार्थ्यांनी केलं. माकडं, मोर, पानं, फुलं, माणसांचे चेहरे. विद्यार्थ्यांना "मी फक्त चेहरे करतो" म्हणायची सोयच नसणार. क्रॉफर्ड मार्केटच्या दारावरची दगडी शिल्पपट्टी जे. जे.त शिकवणाऱ्या लॉकवुड किपलिंग यांची, तीही बघा. वर मान करून काढलीत तर खालून दिसणारे चेहरे कसे असतात ते समजेल, आणि कुणी हलणार नाही.

आणि हातांबद्दल. सा. ल. हळदणकरांचं दिवा घेतलेल्या स्त्रीचं जलरंगातलं चित्र सगळ्यांनी कुठे ना कुठे पाहिलंय, मूळ चित्र म्हैसूरला जगनमोहन पॅलेसमध्ये आहे. ज्योतीवर आडवा धरलेला तो हात बघा, बोटांच्या फटींतून लाल उजेड झिरपतोय. चेहरा सुंदर आहेच, पण तो हात नसता तर चेहऱ्यावर तसा उजेड पडला असता का?

फास्टलोकल | ७ जून, रात्री ११:१५

जेजेवाली, शेवटच्या वाक्यासाठी +१. क्रॉफर्ड मार्केटला या रविवारीच जातो.

दोनबी | २७ जुलै, रात्री १२:१०

सगळ्यांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला सात आठवडे लागले, कारण आधी काढायचं, मग लिहायचं असं ठरवलं होतं.

पहिला आठवडा तांब्या. पहिले चार तांब्ये अगदी सरांनी सांगितले तसेच चुकले, तळ सरळ आणि टोकं बदामी. पाचव्या दिवशी तळ वळला आणि तांब्या टेबलावर बसला. त्याआधीचे हवेत होते हे मला तेव्हा कळलं. नंतर कळशी, कुकर, इडलीपात्र. पावसात गॅलरीत वाळत घातलेली छत्री काढली. तिच्या काड्या आणि काड्यांमधलं ताणलेलं कापड काढताना आजींचा गुडघा आठवला. कापड जिथे टेकतं तिथूनच चुण्या निघतात, गुडघ्यावरून, कोपरावरून, खांद्यावरून. मी त्या कुठूनही काढत होतो.

लोकलमध्ये रोज दोन-तीन हात. डोंबिवलीहून सकाळी वही उघडायला जागा नसते, म्हणून परतीच्या गाडीत, उशिराच्या. तीन वह्या संपल्या. पेटी, अंगठा, पाचर. अजून करंगळी फसते.

मग एक गंमत झाली. मागच्या रविवारी हौसेने एक चेहरा काढला, चौकटी न आखता, समोर बसलेल्या बायकोचा. ती पुस्तक वाचत होती, मान खाली. कान वर सरकलेला मला रेघ मारायच्या आधीच दिसला. चित्र फोटोसारखं गुळगुळीत नाही, नाक जरा मोठं झालंय. पण ती त्यात वाचतेय.

ते चित्र घेऊन काल मावशीकडे गेलो आणि म्हटलं, आजींना परत काढतो. ती काही बोलली नाही. आत गेली, कपाटातून फडक्यात गुंडाळलेला अडकित्ता घेऊन आली आणि म्हणाली, "घेऊन जा. बघून काढ."

आता तो माझ्यासमोर टेबलावर आहे. पितळी, दांड्यांवर हात लागून लागून गुळगुळीत झालेला, पात्याला अजून धार. सर, उघडा ठेवला की दोन दांडे वेगवेगळ्या कोनांत जातात आणि एक दुसऱ्यापुढे येतो. तीनदा काढला, तिन्ही वेळा मोडल्यासारखा दिसतोय. सुरुवात कुठून करू?

चित्रकलेचे_सर | २७ जुलै, सकाळी ६:४५

खिळ्यापासून. आधी फक्त खिळा काढा. मग त्याच्यापासून निघणाऱ्या दोन सरळ रेघा, एकेका दांड्याच्या शेवटापर्यंत, मध्ये न तोडता. त्या दोन रेघांमधली जी रिकामी पाचर दिसते तिचा आकार नीट बघून उतरवा. दांड्यांची जाडी नंतर.

आणि अडकित्ता जमला की लगेच आजींचा हात काढायला बसू नका. आधी तो स्वतःच्या डाव्या हातात धरा आणि उजव्याने काढा.